‘कायमस्वरूपी’ म्हणजे किती वर्षं? हेअर ट्रान्सप्लांटच्या इतिहासातला काळाचा प्रश्न

हेअर ट्रान्सप्लांटच्या जाहिरातीत ‘कायमस्वरूपी’ हा शब्द हमखास असतो. गंमत म्हणजे तो खोटा नाही. डोक्याच्या मागच्या भागातून काढून पुढे लावलेला केस बहुतेक वेळा खरोखरच टिकतो. घोळ दुसरीकडे आहे. टिकतो तो लावलेला केस. त्याच्या शेजारी आधीपासून उभा असलेला केसही टिकेल, असा दावा कुठल्याच संशोधनाने केलेला नाही. उलट ज्याला आनुवंशिक टक्कल आहे, त्याचा तो शेजारचा केस बहुधा जाणारच असतो. फक्त कधी, ते माहीत नसतं.

पंचविशी-तिशीच्या मुलांमध्ये हा विषय आता उघड बोलला जातो. लग्नाचं बघणं सुरू झालेलं असतं, बायोडाटाला फोटो लावायचा असतो, आणि क्लिनिक हप्त्यांवर ऑपरेशन करून द्यायला तयार असतं. निर्णय एका आठवड्यात होतो. मी डॉक्टर नाही (पीएचडी संपलेली नसल्यामुळे सध्या कुठल्याच अर्थाने नाही), त्यामुळे करा किंवा करू नका, हे मी सांगणार नाही. पण या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते, आणि ती संशोधनात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे: प्रयोग किती काळ बघितला, आणि त्यावरून निष्कर्ष किती काळासाठी काढला?

सुरुवात एका डॉक्टरेटच्याच प्रबंधापासून करू. १८२२ साली जर्मनीत व्युर्झबुर्ग इथे योहान फ्रीडरिष डीफेनबाख या तरुणाने लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला. विषय होता शरीराच्या भागांची पुन्हा वाढ आणि त्यांचं प्रत्यारोपण. त्याने स्वतःच्या डोक्यावरचे सहा केस उपटून स्वतःच्याच दंडावर सुईने भोकं पाडून लावले. त्यातले दोन रुजले, बाकीचे गेले. आजची एथिक्स कमिटी हे वाचून काय म्हणेल ते सोडा. पण त्वचेतला केस दुसरीकडे जगू शकतो हे तेव्हापासून माहीत आहे. डीफेनबाख पुढे प्लास्टिक सर्जरीतलं मोठं नाव झाला. केसांचं काम मात्र शंभरेक वर्षं तसंच पडून राहिलं.

पुढचा मोठा टप्पा जपानचा. १९३९ साली शोजी ओकुडा या त्वचारोगतज्ज्ञाने गोल पात्याच्या छोट्या पंचने केसांसकट त्वचेचे दोन ते चार मिलिमीटरचे तुकडे काढून दुसरीकडे बसवण्याची पद्धत सविस्तर छापली. लेख जपानीत होता, लगेच महायुद्ध सुरू झालं, आणि पश्चिमेकडच्या डॉक्टरांपर्यंत तो कित्येक वर्षं पोचलाच नाही. विज्ञानाच्या इतिहासात ‘श्रेय कुणाचं’ या प्रकरणात ही गोष्ट नेहमी सांगतात. मला त्यातला वेगळाच तपशील महत्त्वाचा वाटतो. ओकुडांचे रुग्ण प्रामुख्याने भाजल्यामुळे किंवा इतर इजांमुळे व्रण पडलेले होते. डोक्यावर, भुवईवर, मिशीच्या जागी.

भाजलेला व्रण जागच्या जागी असतो. आज पाच चौरस सेंटिमीटर असेल, तर वीस वर्षांनीही साधारण तेवढाच राहतो. त्यात केस लावले की काम संपलं. आनुवंशिक टक्कल असं नसतं, ते सरकत असतं. तंत्र तेच, हात तोच, पंच तोच, पण प्रश्न बदललेला. व्रणाची जागा भरणं हे एकदा करायचं काम आहे. सरकणाऱ्या सीमेवर रोपं लावणं म्हणजे ती सीमा पुढे कुठे जाणार, यावर लावलेली पैज. पुढच्या पन्नास वर्षांत ज्या चुका झाल्या, त्यातल्या बहुतेक या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे झाल्या, असं माझं मत आहे.

टक्कल सरकतं हे कळायला काही उशीर झाला होता असंही नाही. अमेरिकेतले शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवलं, की वयात येण्याआधीच ज्यांच्या वृषणांचं काम थांबलं होतं, अशा पुरुषांना नेहमीचं टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर मात्र ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जायला लागतात. म्हणजे हार्मोन हवं, आनुवंशिकता हवी, आणि तिसरं, वेळ हवा. १९५१ साली हॅमिल्टननी टक्कलाचे प्रकार पाडून वयानुसार त्यांचं प्रमाण मांडलं. हा लेख न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या ‘ॲनल्स’मध्ये आला. वय वाढतं तसं मोठं टक्कल असणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, हे त्यात स्पष्ट होतं.

आता याच शहरात, याच ‘ॲनल्स’मध्ये आठ वर्षांनी आलेला दुसरा लेख बघा. नॉर्मन ओरेंट्राइख हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ. त्यांचा मूळ प्रश्न टक्कलाचा नव्हताच. त्वचेचा तुकडा एका जागेवरून दुसरीकडे हलवला, तर तो नव्या जागेसारखा वागतो की जुन्या, हे त्यांना बघायचं होतं. वेगवेगळ्या त्वचाविकारांमध्ये त्यांनी अशी अदलाबदल केली. टक्कलाच्या बाबतीत निकाल लख्ख आला: मागचा केसाळ तुकडा टकलावर नेला तरी केसाळच राहिला, आणि टकलाचा तुकडा केसांमध्ये नेला तरी टक्कलच राहिला. याला त्यांनी दाता-प्राबल्य म्हणजे ‘डोनर डॉमिनन्स’ असं नाव दिलं. टक्कलावरची पहिली अशी शस्त्रक्रिया १९५२ची, लेख १९५९चा. आजचं प्रत्येक क्लिनिक याच एका निष्कर्षावर उभं आहे.

प्रयोग म्हणून तो सुंदरच आहे. उलटसुलट नियंत्रण, साधी रचना, स्वच्छ उत्तर. संशोधनपद्धतीच्या वर्गात शिकवावा असा. पण निष्कर्षाचा कर्ता कोण, तेही बघा. ‘ग्राफ्ट आपला मूळ गुण सोडत नाही.’ हे ग्राफ्टबद्दलचं विधान आहे, अख्ख्या डोक्याबद्दलचं नाही. आणि डोक्यावर जे बाकीचे केस आहेत, त्यांनाही हाच नियम लागू होतो! तेही आपला मूळ गुण सोडत नाहीत. जे जाणार आहेत ते जाणारच.

याचा पुरावा पुढे १९७९ साली फिनलंडच्या रॉल्फ नॉर्डस्ट्रॉम यांनी जवळजवळ नाट्यमय पद्धतीने दिला. टक्कल सरकत असलेल्या भागातली त्वचा त्यांनी हातावर लावली. डोक्यावर त्या भागातले केस जसजसे गेले, तसतसे हातावरच्या तुकड्यातलेही गेले, साधारण बरोबरीनेच. घड्याळ केसाच्या मुळातच असतं. जागा बदलून ते थांबत नाही, आणि शेजारी मागचा दणकट केस आणून बसवला म्हणूनही थांबत नाही.

आता १९६० आणि ७०च्या दशकांत काय झालं असेल, याचा अंदाज तुम्हाला येईल. चार मिलिमीटरचा गोल तुकडा, त्यात पंधरा-वीस केस, असे तुकडे कपाळाच्या वर ओळीने. भातलावणीत चूड दूर दूर पडले की जसं शेत दिसतं, तसं काहीसं ते दिसे. बाहुलीच्या केसांची उपमा तेव्हापासूनची आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी १९७२ साली हे ऑपरेशन करून घेतलं आणि लपवलंही नाही. त्यामुळे पद्धतीला प्रसिद्धी मिळाली.

तरुणपणी ज्यांनी ते केलं, त्यांचं सुरुवातीला बरं दिसायचं, कारण चुडांच्या मधल्या जागेत स्वतःचे केस होते. मग दहा-पंधरा वर्षांत मधले केस गेले. मागचे गेले. आणि कपाळावर राहिले ते फक्त चूड, अगदी ‘कायमस्वरूपी’. तंत्र फसलं म्हणून हे झालं, असं लोकांना वाटतं. खरं तर ग्राफ्ट जगले म्हणूनच हे झालं. ते मेले असते तर साधं टक्कल राहिलं असतं, आणि साध्या टकलाकडे कोणी वळून बघत नाही.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आणखी एक युक्ती आली: टक्कल पडलेली त्वचाच कापून काढायची आणि दोन्हीकडची केसाळ त्वचा ओढून शिवायची. ऑपरेशनच्या टेबलावर फरक लगेच दिसे. पण त्वचा पुन्हा ताणली जायची, आणि पुढे टक्कल आणखी पसरलं की डोक्याच्या मधोमध शिवणीचा व्रण उघडा पडायचा. ही पद्धत आता जवळपास मागे पडली आहे. ती मागे पडायला इतका वेळ का लागला? निकाल ताबडतोब चांगला दिसत होता आणि वाईट दिसायला वर्षं जात होती, हे त्यामागचं एक मोठं कारण. या मधल्या काळात नवे रुग्ण येतच होते.

‘मग पुढे किती टक्कल पडेल ते आधी मोजून घ्यावं ना,’ असं तुम्ही म्हणाल. इथे १९७५ सालचा ओटार नॉरवुड यांचा लेख येतो. त्यांनी एक हजार पुरुष तपासले, हॅमिल्टनची वर्गवारी सुधारली आणि सात प्रकार मांडले. क्लिनिकमध्ये भिंतीवर डोक्यांच्या चित्रांचा जो तक्ता असतो, तो हाच. लोक तो जिन्यासारखा वाचतात: आज मी तिसऱ्या पायरीवर आहे, पुढे चौथी, मग पाचवी. पण नॉरवुडनी एक हजार माणसांचा आयुष्यभर पाठलाग केला नव्हता. वेगवेगळ्या वयाची माणसं एकेकदा बघितली होती. अशा छेदात्मक पाहणीतून ‘पन्नाशीच्या पुरुषांत हे प्रमाण इतकं’ हे कळतं. ‘पंचवीस वर्षांचा हा विशिष्ट मुलगा पन्नाशीत कुठे असेल’ हे कळत नाही. काही जण तिसऱ्या प्रकारावर जन्मभर थांबतात. काही जण तिशीतच सहाव्यावर पोचतात. त्यात भर म्हणजे नॉरवुडचा नमुना अमेरिकेतल्या गोऱ्या पुरुषांचा होता. तक्ता पुण्यातल्या भिंतीवर लावला म्हणून त्यातली टक्केवारी पुण्याची होत नाही.

आनुवंशिकतेने हा प्रश्न सुटेल अशी आशा होती. २०१७ साली यूके बायोबँकमधल्या ५२ हजारांहून जास्त पुरुषांच्या माहितीवरून टक्कलाशी संबंधित जनुकीय जागा २८७ निघाल्या. त्यातल्या काही एक्स गुणसूत्रावर आहेत, म्हणून आईच्या वडिलांचं डोकं बघावं ही जुनी समजूत अगदीच निराधार नाही. पण बाकीच्या सगळ्या इतर गुणसूत्रांवर आहेत. गटाचा कल सांगता येतो; एकट्या माणसाचं नेमकं भविष्य सांगणं अजून दूर आहे, असं त्या संशोधकांनीच म्हटलं आहे. त्यामुळे मामा-आजोबा बघा, पण वडील आणि काकाही बघा.

मागून केस काढायचे म्हणजे मागचा भाग तरी पक्का हवा. तो किती पक्का? या प्रश्नावरचं काम मला फार आवडतं, कारण ते उलट्या बाजूने केलेलं आहे. टोरांटोचे वॉल्टर अंगर यांनी १९९४ साली ६५ वर्षांवरच्या ३२८ पुरुषांची डोकी तपासली. म्हातारपणीही दाट केस कुठे शिल्लक राहतात, ते बघून त्यांनी सुरक्षित पट्ट्याच्या सीमा आखल्या. चाळीस वर्षं थांबायला वेळ नव्हता, म्हणून जे चाळीस वर्षं जगून आले होते त्यांनाच विचारलं. पट्टा लोकांना वाटतो त्यापेक्षा अरुंद निघाला. आणि तोही बहुसंख्यांना लागू होणारा, सगळ्यांना नाही.

मधल्या काळात तंत्र मात्र झपाट्याने सुधारलं. जॉन हेडिंग्टन यांनी १९८४ साली डोक्याच्या त्वचेचे आडवे छेद घेऊन दाखवलं, की केस एक ते चारच्या नैसर्गिक जुडग्यांत उगवतात. टेक्सासमध्ये बॉबी लिमर यांनी १९८८पासून सूक्ष्मदर्शकाखाली ही जुडगी सोडवून लावायला सुरुवात केली. चूड गेले, नैसर्गिक दिसणारी कपाळरेषा आली. पुढे २००२ साली रासमन, बर्नस्टीन आणि सहकाऱ्यांनी एफयूई म्हणजे एकेक जुडगं सुटं काढण्याची पद्धत छापली. मागची लांब शिवण गेली.

यात एक बारीक मेख आहे. आधीच्या पद्धतीत मागच्या बाजूची एक पट्टी कापून शिवत, त्यामुळे सर्जन आपोआप मधल्या, सुरक्षित भागात राहायचा. एकेक जुडगं काढताना हात कुठेही जाऊ शकतो. एका बैठकीत हजारो ग्राफ्टचा आकडा गाठायचा असेल, तर पट्ट्याच्या वर किंवा खालीही जातो. तिथून काढलेला केस पुढे लावला, की त्याचं घड्याळही सोबत आलं. नॉर्डस्ट्रॉम यांचा हात आठवा.

आता थोडं गणित करू, कागदावर. हे ढोबळ आकडे आहेत, तुमच्या डोक्याचे वेगळे असतील. मोठं टक्कल साधारण २०० चौरस सेंटिमीटरचं असतं. मूळ दाटी दर चौरस सेंटिमीटरला ७५ जुडगी धरली, तर तिथे एके काळी १५ हजार होती. मागून आयुष्यभरात काढता येणारी जुडगी ६ हजार धरू. सगळ्या भागावर सारखी पसरली तर ३० पडतात. वाईट नाही, नीट विंचरले तर चालून जातं.

पण पंचविशीत तुम्ही फक्त कपाळ भरायला गेलात. शाळेतल्या फोटोसारखी खाली आणि सरळ रेषा हवी, दाट हवी. ५० चौरस सेंटिमीटरवर ५० या दराने २,५०० गेली. राहिली ३,५००. उरलेले १५० चौरस सेंटिमीटर उघडे पडले, तर तिथे पडतात २३. मूळ दाटीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, आणि पुढे मात्र पंचविशीची भिंत. तुमचा साठा ६ ऐवजी ४,५०० निघाला तर मागे दर चौरस सेंटिमीटरला १३. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही: तरवा किती आहे ते बघूनच तो पहिल्या खाचरात रोपं किती दाट लावायची ते ठरवतो. इथे तर तरवा पुन्हा टाकताही येत नाही.

क्लिनिकचे आधीचे-नंतरचे फोटो या गणिताबद्दल काही सांगत नाहीत, आणि त्यात फसवणूकच असते असंही नाही. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात, वर्षभरात भरतात. म्हणून फोटो बारा महिन्यांचा. ग्राफ्ट जगला का, या प्रश्नाला बारा महिने पुरेसे आहेत. निर्णय बरोबर होता का, या प्रश्नाला नाहीत. पेपर वाचताना परिणाम मोजण्याचा बिंदू कुठे ठेवला आहे ते आधी शोधा, असं आम्हाला शिकवतात. तेच इथे करा. ‘तुम्ही पंचविशीत केलेल्या आणि आज चाळिशीत असलेल्या रुग्णाचा फोटो आहे का?’ हा एक प्रश्न विचारून बघा. उत्तरापेक्षा चेहरा जास्त सांगून जातो.

औषधांचाही काळाशीच संबंध आहे. फिनॅस्टराइडला अमेरिकेत टक्कलासाठी १९९७ साली मान्यता मिळाली. १,५५३ पुरुषांवरच्या अभ्यासातून पाच वर्षांपर्यंतची माहिती छापली गेली. हे औषध असलेले केस टिकवायला मदत करतं, म्हणजे सरकती सीमा हळू करतं. पण घेणं थांबवलं की साधारण वर्षभरात फायदा ओसरतो. लैंगिक दुष्परिणाम काहींना होतात, मनःस्थितीबद्दलचे इशारेही आहेत. त्यामुळे मेडिकलमधून परस्पर आणू नका, त्वचारोगतज्ज्ञाशी बोला. ट्रान्सप्लांटचा खर्च मोजताना मात्र हे धरा, की पुढे औषध चालू ठेवायची तयारी नसेल, तर तुमची योजना वेगळी, जास्त सावध असायला हवी.

आपल्याकडे आणखी एक वेगळा धोका आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली सूचना काढून सांगितलं, की यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत बघून हे ऑपरेशन करण्याचं शिक्षण होत नाही. करणाऱ्याकडे शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण हवं. अशी सूचना काढावी लागली, यातच परिस्थिती आली. डोकं कोण कापणार आहे, त्याची पदवी काय, आणि दिवसभर तो स्वतः खोलीत असणार का, हे लेखी घ्या.

समजा तुम्ही चोवीस-पंचवीसचे आहात आणि आत्ताच केस जायला लागलेत. थांबलात तर काय गमावता, हेही प्रामाणिकपणे बघायला हवं. लग्नाच्या फोटोत केस कमी दिसतील, कोणी बोलेल, तुम्हाला वाईट वाटेल. ते खोटं नाही आणि क्षुल्लकही नाही. पण मागचा साठा थांबल्याने सहसा वाया जात नाही, आणि दर वर्षी तुमच्या हातात तुमच्याच डोक्याची जास्त माहिती येते. ती माहिती नॉरवुडच्या तक्त्यात नाही, बायोबँकेत नाही. ती गोळा करायला दर सहा महिन्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, केस ओले करून समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि मागून असे पाच फोटो काढा. फाइलच्या नावात तारीख घाला. दोन-तीन वर्षांत सीमा किती सरकली ते दिसेल, आणि मग डॉक्टरसमोर बसाल तेव्हा भिंतीवरचा तक्ता दाखवायची गरज पडणार नाही.